वाटपाच्या दाव्यात व्हिडिओवरून मध्यस्थी : संमती द्यावी की नाही?

उत्तरकसबा

सर्वांना नमस्कार. वडिलांच्या पश्चात मोहोळ तालुक्यातील शेतजमीन आणि सोलापुरातील जुने घर यांच्या वाटपाचा दावा माझ्या बहिणीने येथील दिवाणी न्यायालयात दाखल केला असून न्यायालयाने तो मध्यस्थीकडे पाठवला आहे. बहीण हैदराबादला, धाकटा भाऊ पुण्याला आणि आई माझ्याजवळ असते. मध्यस्थ म्हणून नेमलेल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारले की, पुढच्या बैठका व्हिडिओवरून आणि गरज पडेल तेथे फोनवरून घेतल्या तर चालतील का. भाऊ-बहिणीने लगेच होकार दिला. मी विचार करून सांगतो म्हणालो.

माझा कल विरोधाकडे आहे आणि त्याची कारणे दोन. एक म्हणजे अशा पद्धतीने झालेली तडजोड पुढे टिकते का, याची मला खात्री नाही. दुसरे असे की, पडद्यावर बहीण दिसेल, पण तिच्या शेजारी कोण बसले आहे ते दिसणार नाही. आमचे भांडण भावंडांचे कमी आणि भावंडांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे जास्त आहे. आईला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, ही आणखी एक अडचण. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

गड्डायात्री

अनुभव एवढाच की, अशा बैठकीतला पहिला पाव तास 'आवाज येतोय का' या एकाच मुद्द्यावर खर्च होतो आणि त्यावर मात्र सर्व पक्षकारांचे एकमत असते.

काळाकोट

उत्तरकसबा, आपल्या पहिल्या शंकेपुरते लिहितो, कारण तेवढेच माझ्या व्यवसायात येते.

आपला दावा न्यायालयात आहे आणि न्यायालयाने तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली मध्यस्थीला पाठवला आहे. मध्यस्थ न्यायाधीशही नसतो आणि लवादही नसतो. तो निर्णय देत नाही, त्यामुळे आपण 'नाही' म्हटले तर कोणीही आपल्यावर काही लादू शकत नाही. बैठका समोरासमोर झाल्या की पडद्यावर, यावर तडजोडीचे बळ ठरत नाही. ते ठरते शेवटच्या कागदावर. संहितेच्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे तडजोड लेखी हवी, पक्षकारांच्या सह्या हव्यात आणि ती कायदेशीर असल्याबद्दल न्यायालयाचे समाधान झाले पाहिजे. तसे झाले की तिचा हुकूमनामा होतो आणि मग तो इतर कोणत्याही हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो.

२०२३ च्या मध्यस्थता अधिनियमाबद्दल बरेच अर्धवट बोलले जाते, म्हणून तेही सांगतो. त्या अधिनियमाच्या कलम ३० मध्ये ऑनलाइन मध्यस्थीची स्वतंत्र तरतूद आहे. तीत व्हिडिओ आणि केवळ आवाजावरचा संवाद हे दोन्ही मार्ग धरलेले आहेत, मात्र पक्षकारांची लेखी संमती ही त्याची अट आहे. परंतु हा अधिनियम एकदम सगळा लागू झाला नाही. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी जी मोजकी कलमे अमलात आली त्यांत कलम ३० नव्हते. म्हणून आपल्यासारख्या प्रकरणात कलम ८९ आणि उच्च न्यायालयाचे नियम यांच्याच आधारे चालावे लागते. तरीही लेखी संमतीची अट शहाणपणाची आहे. आपणही होकार द्यायचा असेल तर तो तोंडी देऊ नका.

निवृत्तशिरस्तेदार

वकीलसाहेबांनी कायदा बरोबर सांगितला आहे. मी कायदा सांगणार नाही. न्यायालयाच्या इमारतीत आयुष्य काढलेल्या माणसाने जे पाहिले ते सांगतो.

तडजोडी मध्यस्थाच्या खोलीत होतात हा गैरसमज आहे. त्या खोलीबाहेरच्या बाकावर होतात. दोन भाऊ खोलीत एकमेकांकडे न बघता बसतात, मध्यस्थ एकाला आत ठेवतात आणि दुसऱ्याला बाहेर थांबायला सांगतात. बाहेर थांबलेल्याला तहान लागते, तो पाण्याच्या पिंपाकडे जातो, तिथे वहिनी उभी असते आणि ती विचारते, 'आईंच्या गुडघ्याचं कसं आहे?' यानंतर जे घडते ते कुठल्याही अहवालात येत नाही. व्हिडिओमध्ये बाहेरचा बाकच नसतो. बैठक संपली की लाल बटण दाबायचे आणि प्रत्येक जण आपापल्या घरच्या माणसांच्या तावडीत परत. ज्यांचे भांडण पैशाचे आहे त्यांनी खुशाल फोनवर मिटवावे. ज्यांचे भांडण रक्ताच्या नात्यातले आहे त्यांना एका छपराखाली आणलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्कामपुणे

शिरस्तेदारकाका, आदरपूर्वक असहमत.

आपण सांगता तो बाहेरचा बाक मीही पाहिला आहे, कारण आमच्या घरच्या वाटपात बाहेरगावचा भाऊ मी होतो. त्या बाकावर वहिनी भेटते तसे मामाही भेटतात. खोलीत विहिरीच्या पाण्याची पाळी ठरत आली होती. मामांनी बाहेर मोठ्या भावाला बाजूला घेऊन 'तू एवढं कशाला सोडतोस' असे म्हटले आणि आत गेल्यावर मोठ्या भावाने सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. बाक कोणाच्या बाजूने काम करील हे आधी सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जे गावात राहतात त्यांच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरला की खर्च आणि दगदग नेहमी बाहेरच्यावर पडते. पुण्याहून यायचे म्हणजे रजा, रेल्वेचे आरक्षण, रात्रीचा मुक्काम. आणि आल्यावर कळते की समोरच्याची प्रकृती बरी नसल्याने तारीख पुढे गेली. तीन-चार वेळा असे झाले की बाहेरचा माणूस वैतागून म्हणतो, घ्या काय घ्यायचे ते. ती तडजोड नव्हे, दमछाक आहे. उत्तरकसबा, आपल्या बहिणीने पटकन होकार का दिला याचे उत्तर कदाचित एवढेच असेल; त्यामागे कोणाचा डाव असेलच असे नाही.

गड्डायात्री

सूचना : मामांना लिंक पाठवू नये.

टॉवेलवाला

शिरस्तेदारसाहेबांनी पैशाच्या भांडणांना फोनची परवानगी दिली आहे, त्या भरवशावर माझा अनुभव लिहितो.

परराज्यातल्या एका व्यापाऱ्याने माझ्या मालाची मोठी रक्कम अडवली होती. त्याचे म्हणणे, टॉवेलचे वजन ठरल्यापेक्षा कमी भरते. माझे म्हणणे, नमुना तुम्हीच पसंत केला होता. रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने वकिलांनी सांगितले की, व्यापारी न्यायालयात जाण्याआधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागेल. मी मनात म्हटले, आणखी एक पायरी, आणखी काही महिने वाया.

मध्यस्थांनी सुरुवातीला आम्हाला एकत्र आणलेच नाही. दोघांशी वेगवेगळे फोनवर बोलले. कारखान्यात मागांच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून मी गोदामात गठ्ठ्यांच्या मागे जाऊन बसायचो, आणि खरे सांगायचे तर तिथे बसूनच पहिल्यांदा शांतपणे विचार करता आला. मध्यस्थांनी मला विचारले, 'पैसे किती हवेत ते नंतर सांगा. आधी हा माणूस पुन्हा गिऱ्हाईक म्हणून हवा आहे का, ते सांगा.' हा प्रश्न मला ना वकिलाने विचारला होता, ना घरच्यांनी. समोर तो व्यापारी बसला असता तर मी ताठ्यात 'नको' म्हटले असते. फोनवर कोणी बघत नव्हते, म्हणून 'हवा आहे' असे खरे उत्तर दिले.

अखेर काही रक्कम लगेच आणि उरलेली पुढच्या मालाच्या बिलात वळती, असे ठरले. वजन आधी लिहून घ्यायचे हेही ठरले. एकत्र व्हिडिओ बैठक झाली ती केवळ मसुदा वाचण्यापुरती. माझ्या मते व्हिडिओपेक्षा फोन चांगला. व्हिडिओत माणूस समोरच्याकडे कमी आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे जास्त बघतो.

काळाकोट

टॉवेलवाला यांनी म्हटले ती पायरी म्हणजे वाणिज्यिक न्यायालये अधिनियमाचे कलम १२अ. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर ती टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या 'पाटील ऑटोमेशन' निकालात स्पष्ट केले आहे. मुदत तीन महिन्यांची असून दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी दोन महिने वाढते. हा काळ दावा दाखल करण्याच्या कायदेशीर मुदतीत धरला जात नाही. आणि ज्यांचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला आहे त्यांनी अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातील, खरेदीदाराने पैसे देण्याची ४५ दिवसांची कमाल मर्यादा आणि त्यानंतरचे चक्रवाढ व्याज या तरतुदी वाटाघाटीला बसण्यापूर्वी वाचून ठेवाव्यात. मध्यस्थ त्या आपल्या वतीने मांडणार नाही.

विजापूरवेस

मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. येथे कोणाचीही ओळख पटेल असे काही लिहिणार नाही, पण दुसऱ्या शंकेविषयी, म्हणजे पडद्याबाहेर बसलेल्या माणसाविषयी, लिहिणे आवश्यक वाटते.

ही भीती खरी आहे आणि स्त्रियांच्या बाबतीत ती सर्वांत जास्त खरी आहे. सासरच्या घरातून बैठकीला बसलेली बाई प्रत्येक उत्तरापूर्वी डोळे उजवीकडे वळवत असेल तर उजवीकडे कोण आहे हे विचारावे लागत नाही. जाणते मध्यस्थ अशा वेळी काय करतात तेही सांगते. सुरुवातीला प्रत्येकाला फोन उचलून खोलीभर फिरवायला सांगतात आणि दार दिसेल असे बसायला सांगतात. स्वतंत्र बोलणे व्हिडिओवर न करता साध्या फोनवर, इअरफोन लावून करतात आणि प्रश्न असे विचारतात की उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच द्यावे लागावे. 'तुम्ही आत्ता एकट्या आहात का?' हा प्रश्न पहिला. 'नाही' आले तर बोलणे तिथेच थांबवून, त्या बाहेर पडू शकतील अशी वेळ ठरवतात. काही जणी भाजी आणायला बाहेर पडल्यावर बोलतात. एक ताई मंदिराच्या आवारात बसून बोलायच्या, कारण घरात दार लावून घेणे हाच संशयाचा विषय होता.

वैवाहिक प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नाचा विचार केलेला आहे. २०१७ च्या 'संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश' या निकालात बहुमताने असे म्हटले होते की, समेटाचे प्रयत्न चालू असताना पक्षकारांना व्हिडिओवर ढकलू नये. ते निष्फळ ठरल्यानंतर दोघांनीही मागणी केली तर कौटुंबिक न्यायालयाने विचार करावा. तिघांपैकी एका न्यायमूर्तींचे मत वेगळे होते. त्यानंतर साथीच्या काळात सगळी न्यायालये पडद्यावर आली आणि लोकांची सवय बदलली. पण बंद दाराआड बोलता येणे हा मुद्दा जुना झालेला नाही.

आणि जिथे मारहाण आहे तिथे मध्यस्थी व्हिडिओवर करावी की प्रत्यक्ष, हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे आधी बाईच्या सुरक्षिततेची व्यवस्था, मग बाकीचे.

जाता जाता : कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्याकडच्या विडी कामगार बायकांपैकी कितीतरी जणींना हे माहीत नसते.

बाळेनाका

एवढी भीती वाटत असेल तर सरळ स्क्रीन रेकॉर्डिंग लावून ठेवावे. उद्या कोणी शब्द फिरवला तर पुरावा हाताशी असेल. यात गैर काय आहे?

काळाकोट

बरेच गैर आहे. मध्यस्थीत बोललेले बाहेर वापरायचे नाही, हा या पद्धतीचा पायाच आहे. मध्यस्थाने न्यायालयालासुद्धा केवळ तडजोड झाली किंवा झाली नाही एवढेच कळवायचे, कोणी काय देऊ केले हे लिहायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये 'मोतीराम विरुद्ध अशोक कुमार' या प्रकरणात सांगितले. २०२३ च्या अधिनियमाचे कलम २२ (कलम ३० प्रमाणे तेही ९ ऑक्टोबर २०२३ ला अमलात आलेल्या कलमांत नव्हते) तर ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण, बैठक प्रत्यक्ष असो वा ऑनलाइन, स्पष्टपणे मना करते. शब्द फिरवण्याची भीती असेल तर त्या दिवशी जेवढे ठरले तेवढे त्याच दिवशी लिहून सर्वांना पाठवावे. मुद्रणाची गरज उरत नाही.

बाळेनाका

कायदा मना करतो हे मान्य. पण समोरचा लावणार नाही याची हमी कोण देणार? न्यायालयाच्या खोलीत निदान फोन बंद करायला लावता येतात.

निवृत्तशिरस्तेदार

बाळेनाका यांच्या या प्रश्नाला उत्तर नाही आणि ते नाही हे मान्य केले पाहिजे. मात्र खोलीतही खिशात फोन चालू ठेवून बसणारे महाभाग मी पाहिले आहेत, हेही नमूद करतो.

पूर्वभाग

चर्चेत सोलापूरची एक बाजू राहून गेली आहे. आमच्या भागात घरात तेलुगू, कामावर मराठी आणि बाजारात हिंदी अशी रीत आहे, अक्कलकोटकडे कन्नड. माझे वडील मराठी उत्तम बोलतात, पण ते शांत असतानाचे मराठी. राग आला किंवा गहिवरून आले की तेलुगूत शिरतात आणि मग परत येत नाहीत.

त्यांच्या आणि काकांच्या घराच्या वादात मध्यस्थी झाली तेव्हा पहिल्या बैठका प्रत्यक्ष होत्या. मध्यस्थांना तेलुगू येत नव्हते, त्यामुळे वडील बोलायचे, मी अर्थ सांगायचो आणि काकांना वाटायचे की मी मीठमसाला लावतो. वाटणे स्वाभाविक होते, कारण मी मुलगा होतो. नंतर व्हिडिओवर बैठका सुरू झाल्या तेव्हा एक फायदा असा झाला की, दोन्ही बाजूंना मान्य असलेले, भाषा येणारे एक निवृत्त शिक्षक त्यांच्या घरून बैठकीला बसू शकले. त्यांचे वय पाहता त्यांना प्रत्येक तारखेला न्यायालयात नेणे शक्यच नव्हते. त्यांनीही गुप्ततेच्या कागदावर सही केली.

तोटा असा की, व्हिडिओत दोन माणसे एकदम बोलली की एकाचा आवाज गिळला जातो, आणि आमच्या घरात दोन माणसे एकदम बोलत नाहीत असे कधी होत नाही. मध्यस्थांनी मग नियम केला : ज्याला बोलायचे त्याने हात वर करायचा, एरवी सगळे म्यूट. काका हात वर करून थांबलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

गड्डायात्री

पूर्वभाग, तो नियम लग्नाच्या बैठकांनाही लागू करता येईल का, याबद्दल वेगळा धागा काढावा.

माळदांडी

मी मंगळवेढ्याकडचा शेतकरी. इथे सगळे माणसांच्या चेहऱ्याबद्दल बोलत आहेत. शेताच्या वादात चेहऱ्यापेक्षा बांध महत्त्वाचा असतो.

न्यायालयाच्या खोलीत नकाशा पसरून बसले तर प्रत्येकाचा नकाशा वेगळा. आमच्या प्रकरणात वाद गटाच्या क्षेत्राचा नव्हताच. सातबाऱ्यावर एकराची बेरीज जुळत होती. वाद होता पाइपलाइनचा आणि रस्त्याचा. वरच्या तुकड्यात विहीर, खालच्या तुकड्यापर्यंत पाइप माझ्या वडिलांनी टाकलेला, आणि वरचा भाऊ म्हणतो, पाइप माझ्या हद्दीतून जातो. मध्यस्थ शहरातले, त्यांना 'वरचा' म्हणजे काय हेच कळेना. शेवटी पुतण्याने शेतात उभे राहून व्हिडिओ लावला आणि विहिरीपासून चालायला सुरुवात केली. पाइप कुठे उघडा पडला आहे, व्हॉल्व्ह कुठे आहे, बैलगाडीची चाकोरी कुठून जाते, हे सगळ्यांनी एकाच वेळी पाहिले. थोरला भाऊ मुंबईला असतो. त्याने बऱ्याच वर्षांत शेत पाहिले नव्हते. तो म्हणाला, 'ते चिंचेचे झाड कधी पाडले?' कोणी उत्तर दिले नाही, पण त्यानंतर त्याचा हट्ट बराच सैल झाला. त्याला जमीन नको होती, त्याला विचारले जावे असे वाटत होते.

अडचण म्हणाल तर रेंज. खालच्या तुकड्यात रेंज जाते, म्हणून तेवढ्या भागाचे आधी फोटो काढून ठेवावे लागले. बैठक ठरवताना विजेचे भारनियमन कधी असते तेही बघावे.

आणि एक गोष्ट वकीलसाहेबांना विचारतो : हुकूमनामा झाला तरी शेताचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम महसूल खात्याकडेच जाते ना?

काळाकोट

होय. सरकारला शेतसारा देणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत होते. म्हणूनच तडजोडीत 'एक तृतीयांश' एवढेच लिहून थांबू नये. कोणाला कोणत्या दिशेचा तुकडा, विहिरीचे पाणी कोणत्या दिवशी कोणाचे, मोटारीचे वीजबिल कोणी भरायचे आणि रस्ता किती फुटांचा, हे लिहिले नाही तर मोजणीच्या दिवशी दुसरे भांडण तयार असते. माळदांडी यांनी सांगितलेला शेतातला व्हिडिओ या कामी फार उपयोगी आहे. तो त्यांनी बैठकीतच दाखवला, साठवून ठेवला नाही, हेही योग्य.

निवृत्तशिरस्तेदार

माळदांडी यांचे लिहिणे वाचून मी माझे मत थोडे आवरते घेतो. जागा दाखवण्यासाठी व्हिडिओ उत्तम, हे मान्य. पण चिंचेच्या झाडानंतर जी शांतता पसरली असेल ती खोलीत पसरली असती तर दोन्ही भाऊ उठून बाहेर बाकावर आले असते, हेही मला मान्य करू द्यावे.

मुक्कामपुणे यांचा खर्चाचा मुद्दाही योग्य आहे. सोलापूरच्या लोकांना अंतराचे दुखणे नवीन नाही. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू होईपर्यंत प्रत्येक अपिलासाठी आपण मुंबईची वाट धरत होतो. स्वतः इतकी वर्षे ही तक्रार करणाऱ्यांनी हैदराबादच्या बहिणीला 'तू ये' म्हणणे बरे दिसत नाही.

मुक्कामपुणे

काका, आभार. एक अर्धा मार्ग सुचवतो. आमच्याकडे बैठका व्हिडिओवर झाल्या, पण आम्ही तिघेही श्राद्धाला गावी आलो होतो त्याच आठवड्यात मध्यस्थांनी एक बैठक प्रत्यक्ष ठेवली. जे मुद्दे पडद्यावर अडले होते ते तिथे सुटले, आणि जे तिथे उगाच उकरले गेले असते ते आधीच पडद्यावर मिटलेले होते.

विजापूरवेस

उत्तरकसबा, आपल्या आईंबद्दल कोणी काही बोलले नाही, म्हणून लिहिते. त्याही वारस आहेत, म्हणजे त्या दाव्यात स्वतंत्र पक्षकार असणार. त्या आपल्याजवळ राहतात आणि आपल्याच फोनवरून बैठकीला बसल्या तर बहिणीला जी शंका आपल्याबद्दल येईल ती अगदी आपल्याला बहिणीबद्दल येते तीच असेल. आईंना मध्यस्थी केंद्रात नेऊन, मध्यस्थांच्या समोर, मध्यस्थ आईंच्या उजव्या कानाच्या बाजूला येतील असे बसवावे. बाकीचे पडद्यावर असले तरी चालेल. त्यांचे स्वतंत्र बोलणे चालू असताना आपण बाहेर थांबावे.

उत्तरकसबा

सर्वांचे मनापासून आभार. विजापूरवेसताईंचे म्हणणे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो, कारण आईच्या बाजूने माझ्या डोक्यात विचारच आलेला नव्हता.

मध्यस्थबाईंना असे लेखी कळवायचे ठरवले आहे : स्वतंत्र बैठका फोनवर, त्याही प्रत्येकाने घराबाहेर किंवा बंद खोलीत बसून; संयुक्त बैठका व्हिडिओवर, सुरुवातीला सर्वांनी खोली दाखवून; आईची प्रत्येक बैठक मध्यस्थी केंद्रात प्रत्यक्ष; शेताची एक बैठक शेतावरून, ज्यात भाऊ पुण्याहून येऊन स्वतः फोन धरील, कारण मी धरला तर मला हवे तेच दाखवले असे म्हटले जाईल. सह्यांसाठी मात्र सर्वांनी एकदा सोलापुरात यावे. बहिणीला काल फोन केला. ती म्हणाली, सह्यांना येते, पण उतरणार हॉटेलात. तूर्त तेही चालेल.

एक शंका उरते. होटगी रस्त्यावर वडिलांच्या नावावर एक लहान प्लॉट आहे. तो दाव्यात घातलेला नाही, कारण त्याची कागदपत्रे बहिणीला मिळाली नव्हती. तडजोडीत तोही मिटवून टाकता येईल का?

काळाकोट

मिटवता येईल, पण सरळ लिहून टाकू नका. तडजोडीचा हुकूमनामा दाव्यातल्या मिळकतीपुरता असेल तर नोंदणी लागत नाही. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत त्यात आणली की नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे तेवढ्या भागाची नोंदणी लागते, आणि ती केली नाही तर पुढे फेरफाराच्या वेळी अडचण येते. दोन मार्ग आहेत. बहिणीने दावा दुरुस्तीचा अर्ज देऊन प्लॉट दाव्यात घालावा, आपण हरकत घेऊ नये. किंवा तिघे आणि आई सह्यांसाठी सोलापुरात असतील त्याच मुक्कामात दुय्यम निबंधकांकडे वेगळा दस्त करून घ्यावा. पहिला मार्ग स्वस्त. आणि दस्तऐवजांची प्रत आपणहून तिला पाठवून दिलीत तर पुढची बैठक बरीच लवकर संपेल, असा माझा अंदाज आहे.

उत्तरकसबा

प्रत आजच पाठवतो. दुरुस्तीचा अर्ज तिच्या वकिलांमार्फतच यावा लागेल ना?

काळाकोट

होय, दावा तिचा आहे. आपण फक्त 'हरकत नाही' असे लिहून द्यायचे.

गड्डायात्री

हॉटेलात उतरली तरी शेंगाचटणी घरूनच पोचवावी. त्यासाठी लेखी संमती लागत नाही.